कोरड्या नाल्यात मासे येतात कुठून?

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारातले नाले दोन-तीन तास गढूळ पाण्यानं भरून वाहतात. पाणी ओसरल्यावर बांधालगतच्या चरात, मोरीखालच्या डबक्यात बोटभर मासे वळवळताना दिसतात. पोरं ते टोपलीनं, फडक्यानं धरतात आणि घरी येऊन हमखास विचारतात: नाला तर होळीपासून ठणठणीत कोरडा होता, मग मासे आले कुठून?

मोठ्यांकडे याची तीन उत्तरं तयार असतात. पावसाबरोबर आभाळातून पडले, हे पहिलं. अंडी मातीतच होती, पाणी लागताच फुटली, हे दुसरं. खालून नदीतून चढून आले, हे तिसरं. या तिन्हींत थोडंथोडं खरं आहे. किती, ते या प्रकरणात तपासून पाहू.

खानदेशात या प्रश्नाला फार वजन आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते. वाटेत चांगदेवला पूर्णा, मग वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा अशा नद्या तिला येऊन मिळतात. जळगाव भागात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे तापीच्या बहुतेक उपनद्या उन्हाळ्यात तुटक डबक्यांची माळ होऊन पडतात आणि लहान नाले तर नावापुरतेच उरतात. अशा प्रदेशात मासा टिकतो कसा, हे कळलं की इथल्या सगळ्या पाण्याचं जगणं कळतं.

१. आभाळातून?

समुद्रावर किंवा मोठ्या तळ्यावर जोराची वावटळ फिरली तर ती पाण्याबरोबर लहान मासे उचलते आणि काही अंतरावर नेऊन टाकते. अशा घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे ही समजूत अगदीच निराधार नाही. पण ती आपल्या नाल्याला लावून पाहा. मे अखेरीस आसपास पाणीच नसतं, तर वावटळ उचलणार काय? शिवाय मासे वरून पडले असते तर ते धाब्यांवर, देवळाच्या ओट्यावर, माळावरच्या खडकावरही तितकेच सापडले असते. सापडतात ते मात्र चरात, मोरीत, नाल्याच्या पाणथळ काठावर, म्हणजे वाहतं पाणी जिथे पोचलं तिथेच.

समजुतीवरून पडताळता येईल असा एखादा निष्कर्ष काढायचा आणि तो प्रत्यक्षाशी ताडून पाहायचा, संशोधनाची रीत हीच. आभाळाचं उत्तर तिथे टिकत नाही.

२. मातीतली अंडी

हे उत्तर जास्त पटण्यासारखं आहे, कारण शेतात आपण तेच पाहतो: बी मातीत पडून राहतं, ओल मिळाली की उगवतं. पण माशाचं अंडं कसं असतं ते पाहा. रोहू, कटला, मृगळ यांचं अंडं मऊ आणि पारदर्शक असतं, पाणी शोषून फुगतं आणि पावसाळी उबेत साधारण १५ ते २० तासांत फुटून त्यातून पिल्लू बाहेर पडतं. त्याला कवच नाही, थांबण्याची सोय नाही. उन्हात पडलं तर ते आक्रसून मरतं. तीन-चार महिने कोरड्या मातीत काढणं त्याच्या कुवतीबाहेरचं आहे.

ही युक्ती साधलेले मासे जगात आहेत, पण आपल्या नद्यांत नाहीत. आफ्रिकेतल्या नोथोब्रँकियस नावाच्या बोटभर माशाची अंडी डबकं आटल्यावर मातीत पडून राहतात, आतल्या गर्भाची वाढ थांबते आणि पाऊस आल्यावर पुन्हा सुरू होते. मोझांबिकमधल्या डबक्यांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की यातली एक जात अंड्यातून निघाल्यापासून १४ दिवसांत स्वतः अंडी घालण्याइतकी मोठी होते. डबकं किती दिवस टिकेल याचा भरवसा नसलेल्या प्राण्याला अशी घाई करावीच लागते.

तापीच्या माशांकडे ही सोय नाही. त्याच पाण्यातल्या बारीक जीवांकडे मात्र ती आहे. पाणपिसवा, परीझिंगे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे इतर कितीतरी प्राणी पाणी आटायच्या आधी जाड कवचाची अंडी घालतात. ती अंडी उन्हात तापतात, धुळीबरोबर उडतात, गुरांच्या खुरांना चिकटून दुसऱ्या डबक्यात जातात आणि वर्षानुवर्षं जिवंत राहू शकतात. पुण्याच्या विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी सह्याद्रीच्या सड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत अशा परीझिंग्यांचा बराच अभ्यास केला आहे.

हे घरी पाहता येतं. आटलेल्या तळ्याच्या तळाची मूठ-दोन मुठी माती आणा. निम्मी तव्यावर चांगली भाजून गार करा, निम्मी तशीच ठेवा. काचेच्या दोन बरण्यांत वेगवेगळी घालून वर पावसाचं पाणी ओता, फडकं बांधा आणि उजेडाच्या खिडकीत ठेवा. काही दिवसांनी न भाजलेल्या मातीच्या बरणीत झटके देत फिरणारे पांढरट ठिपके दिसू लागले आणि भाजलेल्या मातीच्या बरणीत दिसले नाहीत, तर ते ठिपके पाण्यातून किंवा हवेतून आलेले नाहीत, मातीतूनच उठले आहेत हे सिद्ध झालं. भाजलेल्या मातीची बरणी ठेवली नाही तर हा प्रयोग काहीच सांगत नाही. नवख्या माणसाला ती बरणी फुकटची वाटते, अनुभवी संशोधक ती आधी भरतो.

या ठिपक्यांचं माशांशी नातं जवळचं आहे. माशाचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा पोटाशी दोन-तीन दिवसांची शिदोरी असते. ती संपली की त्याला तोंडात मावेल एवढंच भक्ष्य लागतं, आणि नेमके त्याच दिवसांत मातीतून हे जीव उठलेले असतात. मासा मातीतून उगवत नाही, त्याचं पहिलं अन्न मात्र मातीतून उगवतं.

३. राखून ठेवलेलं बी

मग मासे उन्हाळाभर असतात कुठे? बहुतेक डोहात.

शेतकरी पुढच्या हंगामाचं बी बाजूला काढून ठेवतो आणि कितीही टंचाई आली तरी ते दळायला नेत नाही. डोह म्हणजे नदीनं राखलेलं असं बी. नदीच्या वळणावर, खडकाच्या पायथ्याशी, धबधब्याखाली पाण्यानं तळ खोल खोदलेला असतो आणि बाकी पात्र कोरडं पडलं तरी तिथे पाणी राहतं. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून जी वाघोरा वाहते, तीच पुढे वाघूर होऊन जामनेर-भुसावळच्या बाजूला येते. लेण्यांच्या टोकाशी ती एकाखाली एक अशा कुंडांतून उतरते, त्यांना सातकुंड म्हणतात. लोक लेणी पाहून परततात, पण नदीच्या अभ्यासकानं तिथे थांबायला हवं. बेसाल्टमध्ये पाण्यानं डोह कसे कोरले, हे इतकं उघडं क्वचितच पाहायला मिळतं.

डोहातला उन्हाळा मात्र सोपा नाही. हिशेब करून पाहू. समजा हिवाळ्यात एक डोह २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि २ मीटर खोल आहे. म्हणजे ४०० घनमीटर पाणी. त्यात हजार मासे असतील तर घनमीटरमागे अडीच मासे झाले. मे महिन्यात तोच डोह १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल उरला, तर पाणी २५ घनमीटर आणि घनमीटरमागे ४० मासे. लांबी-रुंदी निम्मी झालेली डोळ्यांना दिसते, पण गर्दी सोळापट झालेली दिसत नाही. बगळ्याला, खंड्याला आणि जाळं टाकणाऱ्याला ती बरोबर कळते.

त्यात पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्या आत. ही संख्या हवेशी ताडून पाहिली की माशाची अडचण कळते. लिटरभर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो, तर ३० अंशांच्या लिटरभर पाण्यात पाचच्या थोडा वर. हवेत जेवढा असतो त्याच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्शावर मासा जगतो, आणि उन्हाळ्यात तोही हिस्सा घटतो. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही तो वापरतं. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मत्स्यशेती करणारे पहाटे तळ्यावर फेरी मारतात ती याचसाठी. मासे वर येऊन तोंडं वासू लागले की प्राणवायू संपत आला असं समजायचं.

४. हवा पिणारे

या संकटावर काही माशांनी वेगळाच तोडगा काढला आहे.

मे महिन्यात एखाद्या आटलेल्या डोहाच्या काठी, सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा. पाणी हिरवट, मंद. अचानक मध्यभागी एक चपटं, सापासारखं डोकं वर येतं, क्षणभर तोंड उघडतं, हवा गिळतं आणि मागे एखाद-दुसरा बुडबुडा सोडून खाली जातं. काही मिनिटांनी पुन्हा तेच. हा मरळ. त्याच्या कल्ल्यांच्या वर, डोक्यात, रक्तवाहिन्यांच्या अस्तराची एक पोकळी असते. गिळलेली हवा तिथे साठते आणि तिच्यातला प्राणवायू थेट रक्तात उतरतो. मोठा मरळ यावर इतका विसंबून असतो की जाळ्यात अडकून त्याला वर येता आलं नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरून मरतो. मासा पाण्यात बुडून मरतो हे ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण ते खरं आहे.

मांगूराच्या कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले असतात, ते त्याच कामाचे. शिंगीच्या अंगात कल्ल्यांपासून मागे शेपटीकडे जाणाऱ्या लांब हवेच्या पिशव्या असतात. मुऱ्यांच्या कुळातले काही मासे तर हवा गिळून ती आतड्यापर्यंत नेतात आणि आतड्याच्या भिंतीतून प्राणवायू घेतात. चौघांनी चार रस्त्यांनी एकच अडचण सोडवली आहे.

चरातल्या माशांचं कोडंही इथे बरंचसं सुटतं. मरळ आणि मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जातात. रात्री पाऊस पडत असताना हा प्रवास होतो. सकाळी माणसाला मासा शेतात दिसतो आणि तो आभाळाकडे पाहतो.

याच गुणामुळे एक धोकाही उभा राहिला आहे. आफ्रिकी मांगूर हा परदेशी, भराभर वाढणारा आणि दिसेल ते खाणारा मासा चोरून पाळला जातो. देशात त्यावर २००० सालापासून बंदी आहे. तळ्यात पाळला म्हणून तो तळ्यातच राहील असं नाही. तो हवा घेतो, जमिनीवरून सरकतो आणि पहिल्या पुरात नाल्यात शिरतो. एकदा नदीत गेला की तो परत काढता येत नाही. बंदीमागचं शास्त्रीय कारण एवढं सरळ आहे.

५. चिखलात झोपलेले

काही प्राणी पाण्याबरोबर जात नाहीत आणि डोहही शोधत नाहीत. ते जागेवरच खाली जातात.

मरळ चिखलात रुतून, अंगावरच्या बुळबुळीत थराच्या आधारानं, ओल टिकेल तोवर तग धरतो. वामही चिखलात शिरते. पण यात खरे वाकबगार आहेत ते मासे नसलेले. खेकडा काठाला बीळ पाडतो आणि पाण्याची पातळी उतरेल तसा खोल जात राहतो. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची मादी अंडी आणि पिल्लं पोटाखालच्या पडद्याआड बाळगते, आणि बाहेर पडतात ती पूर्ण घडलेली इवलाली खेकडी. समुद्री खेकड्यांच्या पिल्लांसारखं त्यांना आधी पाण्यात तरंगत दिवस काढावे लागत नाहीत. नदी नसली तरी त्यांचा जन्म अडत नाही.

पाण्यातली मोठी गोगलगाय, जी महाविद्यालयात पायला या नावानं शिकवतात, तिच्याकडे कल्लाही असतो आणि फुप्फुसही. पाणी आटलं की ती चिखलात शिरते, अंग आत घेते आणि शंखाच्या तोंडावर आपली कडक झाकणी घट्ट लावते. मे महिन्यात तळ्याच्या भेगाळलेल्या तळातून असा शंख उकरून हातात घ्या. तो मेलेला वाटतो. झाकणी नखानं उचकटत नाही. ओल्या भांड्यात ठेवून द्या. कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी झाकणीची कड किंचित सुटते आणि राखाडी पाय बाहेर येतो.

मऊ पाठीचं आणि मागच्या पायांवर कातडी झडपा असलेलं कासव आपल्या तळ्यांत आढळतं. ते पाणी संपल्यावर चिखलात गाडून घेतं आणि झडपा मिटतं. पाऊस पडला की ते रस्त्यावर दिसतं, आणि लोकांना वाटतं ते दुसऱ्या गावाहून चालत आलं. बहुतेक वेळा ते तिथेच, पायाखाली होतं. तळ्याचा गाळ उन्हाळ्यात यंत्रानं उपसताना या प्राण्यांचं काय होतं, याचा विचार गाळ काढणाऱ्यांनी करायला हवा. गाळ काढणं गरजेचं आहे, पण एका झटक्यात सगळा तळ खरवडण्याऐवजी एक कोपरा पुढच्या वर्षासाठी सोडला तर काम अडत नाही आणि हे जीव वाचतात.

६. चढण

आता तिसरं उत्तर. हेच सगळ्यात मोठं खरं आहे.

पहिला पूर येतो तेव्हा डोहातल्या माशांना एकाच वेळी अनेक खुणा मिळतात: पाणी थंड होतं, गढूळतं, वाहू लागतं, प्राणवायू वाढतो. या खुणा मेंदूखालच्या पिटुइटरी या मुगाएवढ्याही नसलेल्या ग्रंथीपर्यंत पोचतात आणि ती रक्तात संप्रेरकं सोडते. अंडाशयात महिनोन्‌महिने तयार होऊन थांबलेली अंडी त्या हुकमानं पिकतात. मासे प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला निघतात. हेच चढणीचे मासे. वर नुकती बुडालेली गवताळ, उथळ जमीन असते. तिथे मोठे शिकारी कमी आणि मातीतून उठलेलं ते बारीक अन्न मुबलक. पुरात मिळालेले थोडे दिवस पिल्लांना पुरतात.

किलोभर वजनाची रोहूची मादी साधारण दोन लाख अंडी सोडते. त्यातली बहुतेक वाया जातात, तरी एका डोहातल्या मोजक्या माद्या मैलोगणती नाला पिल्लांनी भरू शकतात. पोरांनी टोपलीत धरलेल्यांत वाढलेला मासा असेल तर तो चढून आलेला, आणि महिनाभरानं दिसणारी पिल्लं त्याची.

यावरच्या संशोधनानं देशाचं ताट बदललं. रोहू, कटला, मृगळ वाहत्या नदीत अंडी घालतात, पण साठलेल्या तळ्यात त्यांच्या पोटात अंडी असूनही ती सोडत नाहीत, कारण पुराची खूण मिळत नाही. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी दुसऱ्या माशांच्या पिटुइटरी ग्रंथीचा अर्क काढून तो माशांना टोचला आणि १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे तळ्यात ठेवलेल्या माशांनी अंडी दिली. त्या आधी मत्स्यबीज नदीतून गाळून आणावं लागे. आज जळगाव-धुळ्याच्या तलावांत सोडलं जाणारं बीज त्याच तंत्राच्या वंशातलं आहे, आणि १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात.

एक गोष्ट विसरायला नको: हे तिन्ही मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातले, तापीत ते माणसानं आणले. तापीच्या स्वतःच्या माशांसाठी अशी बीजकेंद्रं क्वचितच आहेत. त्यांचं बीजकेंद्र म्हणजे डोहच.

७. वाळू, बंधारा, धरण

गिरणेच्या पात्रात उन्हाळ्यात झिरा खणला की हातभर खाली पाणी लागतं. नदी वर दिसत नसली तरी वाळूच्या आत ती सावकाश वाहत असते. वाळूचे कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मधल्या जागेत पाणी राहतं, वरच्या थरामुळे ऊन खाली पोचत नाही. डोहांना उन्हाळाभर झिरपून पाणी पुरवते ती ही वाळू. तिच्या कणांमधल्या फटींत किड्यांच्या अळ्या आणि सूक्ष्म जीव दिवस काढतात. ती उचलून नेली की खाली खडक किंवा चिकणमाती उरते. पुढच्या वर्षी पूर तितकाच येतो, पण तो तसाच वाहून जातो आणि डोह लवकर आटतो. वाळूउपशाची चर्चा आपल्याकडे महसूल आणि गुन्हेगारी यांच्याच अंगानं होते. गिरणाकाठच्या विहिरी आणि गिरणेतला मासा या दोघांचं पाणी एकच आहे, हे त्या चर्चेत यायला हवं.

पाण्याला बांध घातला म्हणजे मासा संपला, असंही नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर फड या सामूहिक सिंचन पद्धतीचे जुने दगडी बंधारे आहेत. ते बुटके. पुरात पाणी त्यांच्या डोक्यावरून जातं, तेव्हा अंगात बळ असलेला मासा वर चढू शकतो आणि पूर ओसरल्यावर भिंतीमागे पाणी राहतं. मोठ्या भिंतीची गोष्ट वेगळी. तापीवर चांगदेवच्या संगमाखाली ४१ दरवाजांचं हतनूर धरण १९८२ साली झालं. त्याखाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज आहेत आणि पुढे गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई. खानदेशातली तापी आता बरीचशी एकापुढे एक साठलेल्या पाण्याची नदी आहे.

याचा फायदा काही जीवांना झाला. हतनूरचा जलाशय उन्हाळ्यातही पाणी धरतो, हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पाणपक्षी उतरतात. तिलापिया, ज्याला बाजारात चिलापी म्हणतात, अशा पाण्यात सुखानं वाढतो. हा आफ्रिकी मासा १९५२ साली भारतात आला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून त्याला ना पूर लागतो ना चढण. ज्यांना वाहतं पाणी आणि खडकाळ तळ लागतो, त्या देशी माशांची जागा मात्र आकसली. अहिर हा सर्पाकृती मासा तर समुद्रात जन्मतो, पिल्लू असताना नदीत शिरतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि पुन्हा समुद्राकडे जातो. त्याच्या वाटेवर उकाईची भिंत उभी आहे. जगात काही धरणांना मासे चढतील अशा पायऱ्या ठेवतात. आपल्याकडच्या बहुतेक धरणांना त्या नाहीत.

डोहात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारण्याला १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून मनाई आहे. तरी ब्लीचिंग पावडर टाकून मे महिन्यात डोह रिकामे केले जातात. गर्दी सोळापट झालेली असते, श्रम कमी लागतात. एका रात्री संपतो तो मात्र त्या दिवसाचा बाजार नसतो, पुढच्या पावसातला सगळा नाला असतो. कोट्यवधी मत्स्यबीज सोडण्याआधी प्रत्येक नदीवरचे चार-दोन खोल डोह उन्हाळ्यात राखले तर देशी माशांसाठी त्याहून मोठं काम होईल, असं माझं स्पष्ट मत आहे.

८. न दिसणारे मासे मोजायचे कसे?

पाणी उपसल्याशिवाय डोहात किती मासे आहेत हे कळतं का? कळतं, आणि त्याला गणित फार लागत नाही. डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ सी. जी. जे. पीटरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातल्या चपट्या माशांना खुणा करून सोडायला सुरुवात केली. त्यांच्या नावानं ओळखली जाणारी रीत अशी.

समजा डोहात जाळं टाकून ५० मासे धरले, प्रत्येकाच्या परावर छोटी खूण केली आणि सोडून दिले. आठवड्यानं पुन्हा जाळं टाकलं. या वेळी ४० मासे मिळाले, त्यातल्या ८ माशांवर खूण होती. म्हणजे जाळ्यात पाचातला एक मासा खुणेचा. खुणेचे मासे डोहात नीट मिसळले असतील तर सगळ्या डोहातही पाचातला एकच खुणेचा असणार. खुणेचे एकूण ५०, म्हणून डोहातले मासे सुमारे २५०. मधल्या आठवड्यात पूर येऊन मासे निघून गेले, किंवा खूण केलेले मासे बगळ्यांना लवकर सापडले, तर हिशेब चुकतो. म्हणून ही मोजणी बंदिस्त पाण्यात, थोड्या दिवसांच्या अंतरानं करतात. उन्हाळ्यातला डोह तिला अगदी योग्य.

मोजण्याआधी ओळखावं लागतं. दख्खनच्या माशांची पहिली नीट शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केली, ती १८४१ साली लंडनमध्ये सविस्तर छापून आली. त्यांनी कोळी-भोयांकडून ऐकलेली नावंच अनेक जातींना दिली. खुद्री, शिंगाळा ही नावं आजही जगभरच्या शास्त्रीय याद्यांत आहेत.

९. त्याहून जुना प्रश्न

पोरांचा प्रश्न आता थोडा ताणून पाहू. नाल्यात मासे डोहातून आले. डोहात नदीतून आले. पण नदीत ते मुळात आले कुठून? मासा डोंगर ओलांडू शकत नाही, मग एका खोऱ्यातला मासा दुसऱ्यात कसा?

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले डॉ. सुंदरलाल होरा यांना एका गोष्टीनं पछाडलं होतं. खळाळत्या ओढ्यात दगडाला चिकटून राहणारे काही मासे आसाम आणि मलायाच्या बाजूला आहेत, त्यांचे नातेवाईक सह्याद्रीच्या दक्षिण भागात आहेत, आणि मधल्या शेकडो किलोमीटरच्या पठारावर त्यांचा पत्ता नाही. होरांनी १९४० च्या दशकात उत्तर मांडलं: एके काळी मधल्या डोंगररांगा अधिक सलग, उंच आणि ओल्या असाव्यात आणि हे मासे पिढ्यान्‌पिढ्या एका ओढ्यातून शेजारच्या ओढ्यात सरकत सातपुड्यावरून पश्चिमेला, तिथून सह्याद्रीत उतरले असावेत. दोन ओढ्यांचे उगम जवळ असले आणि झिजेमुळे एकानं दुसऱ्याचं पाणी ओढून घेतलं, की त्या पाण्याबरोबर मासेही दुसऱ्या खोऱ्यात जातात. या मांडणीला सातपुडा सिद्धान्त म्हणतात. १९४९ साली त्यावर खास परिसंवाद झाला. यावल-रावेरहून उत्तरेला जी निळी रांग दिसते, तीच या सिद्धान्तातली वाट.

पुढे त्यावर आक्षेप आले. सातपुडा तसा सलग आणि दमट होता याचे भूशास्त्रीय पुरावे पुरेसे नाहीत, हा एक. दुसरा आक्षेप डीएनएनं आणला. डीएनएमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बारीक बदल साठत जातात, त्यामुळे दोन माशांच्या डीएनएत किती फरक आहे यावरून त्यांचे पूर्वज साधारण कधी वेगळे झाले याचा अंदाज बांधता येतो. होरांची वाट खरी असेल तर तिच्यावरून आलेल्या सगळ्या माशांचे काळ थोडेफार जुळायला हवेत. डीएनए हाती आल्यावर प्रत्येक कुळासाठी हे वेगवेगळं तपासता येऊ लागलं आणि सगळ्यांसाठी एकच वाट, एकच काळ ही कल्पना मागे पडली.

पण सातपुडा त्यामुळे बिनमहत्त्वाचा ठरला नाही. ओढ्यातल्या दगडाखाली राहणाऱ्या पट्टेदार मुऱ्याला, इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डी, फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये शास्त्रीय नाव दिलं आणि पुढे दीडशे वर्षं सह्याद्री-सातपुड्यातले असे बहुतेक मुरे एकाच जातीचे समजले गेले. २०१८ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या मुऱ्यांचा डीएनए ताडून दाखवलं की ही एक जात नसून फार पूर्वी एकमेकांपासून तुटलेल्या अनेक जाती आहेत. म्हणजे सातपुड्याच्या ओढ्यातला मुरा आणि पुण्याजवळचा मुरा दिसायला सारखे असले तरी वेगळ्या वंशाचे असू शकतात. ते ठरवायला मासा मारावा लागत नाही. शेपटीच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकतात आणि मासा त्याच ओढ्यात परत सोडतात.